विंगरपर्यंत बॉल जातो पण पुढे काहीच होत नाही, आमच्या फुटबॉल टीमचं नेमकं कुठे अडत होतं

ज्यांच्या टीममध्ये हे होतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आमच्याकडे हे दोन सीझन चाललं आणि प्रत्येक मॅचनंतर तीच चर्चा, की आपले विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पुढे खेळणारे, कच्चे आहेत. लक्षणं सांगतो, तुमच्याशी जुळतात का बघा. बॉल सगळा वेळ आपल्याकडे, मिडफिल्डवाले आपापसात छान खेळतायत, मग कोणीतरी कडेला पास देतो, विंगर बॉल थांबवतो, तोपर्यंत समोर डिफेंडर येऊन उभा, विंगर मागे बघतो, बॉल मागे, परत मधे, परत कडेला, परत मागे, आणि शेवटी वैतागून कोणीतरी मधूनच लांबून मारतो आणि बॉल बाभळीत. अर्धा तास हेच. मग समोरच्यांना एक काउंटर (झटपट उलटा हल्ला) मिळतो आणि आपण एक शून्यने हरतो.

मी नाशिकला सिडकोत पोरांची टीम सांभाळतो, सतरा ते बावीस वयाची पोरं, काही कॉलेजची, काही अंबडला कंपनीत लागलेली, रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर. आम्ही ४-३-३ (चार डिफेंडर, तीन मिडफिल्डर, पुढे तीन) खेळतो म्हणजे दोन्ही कडांना एकेक विंगर असतोच, तरी हा प्रकार.

सगळ्यात आधी आम्ही काय केलं ते सांगतो म्हणजे तुम्ही तरी ते करू नका. आम्ही विंगर बदलला. उजवीकडचा पोरगा बेंचवर बसवला, दुसरा आणला, त्याचंही तेच झालं, मग तिसरा, त्याचंही तेच. आता तीन वेगवेगळी पोरं एकाच जागी उभी राहून एकच चूक करतायत म्हटल्यावर मला तेव्हाच कळायला हवं होतं की पोरं बदलून हे सुटणार नाहीये. वर्षभर मी त्या पहिल्या पोराला लाइनवरून ओरडत होतो, "अरे घे ना त्याला अंगावर, ड्रिबल कर!" आणि त्याच्याकडे ड्रिबल करायला ना जागा होती ना तोंड गोलकडे होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मैदानाला लागून एक तीन मजली बिल्डिंग आहे. तिथल्या काकूंना विचारलं, एक मॅच गच्चीवरून मोबाइलवर शूट करू का. काकू म्हणाल्या, "जा ना, फक्त वाळवणावर पाय देऊ नकोस, काल रात्रीच कुरडया घातल्यात." तर कुरडयांच्या चादरीच्या कडेने जाऊन कठड्यावर मोबाइल टेकवला आणि पूर्ण पहिला हाफ घेतला. तुम्ही दुसरं काही नाही केलंत तरी चालेल पण हे करा, एक हाफ उंचावरून शूट करा. टचलाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेघेवर) उभं राहून जे अजिबात दिसत नाही ते वरून दोन मिनिटांत दिसतं.

पहिलं जे दिसलं ते हे की आमचा विंगर कडेला नव्हताच. मला खालून तो टचलाइनवर वाटायचा, पण वरून बघितलं तर चांगला सहा-सात पावलं आत. आता गणित बघा. मोठ्या मॅचेसचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर असतं, आणि पेनल्टी बॉक्सची (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाची) रुंदी ४०.३२ मीटर, म्हणजे बॉक्सच्या कडेपासून टचलाइनपर्यंत प्रत्येक बाजूला जवळजवळ १४ मीटरचा पट्टा उरतो. आमचं मैदान पावलांनी मोजलं तर रुंदीला पंचावन्नच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे तो पट्टा जेमतेम सात मीटर, आणि विंगर सात पावलं आत. म्हणजे पठ्ठ्या बॉक्सच्याच रुंदीत उभा. मग समोरच्यांच्या चार डिफेंडरना हलायची गरजच काय? ते आरामात बॉक्सएवढ्या जागेत भिंत करून उभे राहणार.

कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. रेडर मधेच घुटमळत राहिला तर साखळी जागची हलत नाही, तो एका कोपऱ्याकडे गेला की अख्खी साखळी सरकते आणि दुसरीकडे फट पडते. विंगरचं पहिलं काम तेच, त्याला बॉल मिळो न मिळो. तो लाइनला चिकटून उभा राहिला की समोरच्या फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) ठरवावं लागतं, याच्याकडे जाऊ की मधे राहू, आणि तो विंगरकडे गेला की फुलबॅक आणि सेंटरबॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) मधे जागा होते, तिथे आपला मिडफिल्डर घुसतो. पोरांना हे पटवायला वेळ लागतो, कारण वीस मिनिटं बॉलला पाय न लावता लाइनवर उभं राहणं म्हणजे त्यांना वाटतं आपण खेळतच नाहीये. मी त्यांना सरळ सांगितलं की तू तिथे उभा आहेस म्हणून मधल्याला गोल मारता आला, तो गोल अर्धा तुझा. आणि मॅचनंतर सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगितलं. हे जरूर करा.

पण पोरं आत का उभी राहतात? मला वाटायचं आळस. तर नाही. एक कारण म्हणजे आमच्या मैदानाच्या त्या कडेला लाइनीने मोटरसायकली लावलेल्या असतात, त्याला बॉल लागू नये, आपण धडकू नये म्हणून पोरं नकळत आत सरकतात. दुसरं कारण टर्फ. आता गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत जिकडेतिकडे टर्फ झालेत, आमची पोरं आठवड्यातले तीन दिवस तिथे फाइव्ह-अ-साइड खेळतात, रात्री लाइट लावून. तिथे कडेला जाळी, बॉल जाळीला लागून परत येतो, रुंदी वापरायचा प्रश्नच येत नाही, सगळा खेळ दहा पावलांत. पायात बॉल छान राहतो त्याने, मी टर्फच्या विरोधात अजिबात नाही, पण ती सवय तशीच घेऊन मोठ्या मैदानावर आलं की अकरा पोरं एका टर्फएवढ्या जागेत जमा होतात.

उपाय साधा केला. मोटरसायकली पलीकडच्या गेटजवळ लावायला लावल्या, आणि फक्की आणून टचलाइन ठळक मारली, वर बॉक्सच्या कडेपासून सरळ पुढे-मागे जाणारी अजून एक रेघ मारली दोन्ही बाजूंना. प्रॅक्टिसला नियम एकच, आपल्याकडे बॉल असताना प्रत्येक बाजूच्या पट्ट्यात कोणीतरी एक जण पाहिजेच, विंगर असो, फुलबॅक असो, कोणीही. पण एकच. दोन नाही.

हे झालं आणि तरी प्रॉब्लेम पूर्ण गेला नाही. विंगर आता लाइनवर उभा, बॉलही येतोय, तरी तो मागेच देतोय. माझ्या मते खरा घोळ इथे असतो आणि बहुतेक टीम इथेच विंगरला दोष देऊन मोकळ्या होतात.

व्हिडिओत मोजलं. त्या हाफमध्ये उजव्या विंगरला नऊ वेळा बॉल मिळाला, त्यातल्या सात वेळा त्याची पाठ समोरच्या गोलकडे. का, तर बॉल देत होता आमचाच राइट बॅक, म्हणजे उजवा फुलबॅक, लाइनला समांतर, सरळ पुढे. तो पास दिसायला सोपा असतो म्हणून फुलबॅक देतो. पण विंगरची अवस्था बघा, एका बाजूला टचलाइन, पाठीवर डिफेंडर, तोंड आपल्याच गोलकीपरकडे. त्याला जायला एकच रस्ता उरतो, मागे. समोरच्या टीमला तर तेच हवं असतं, बॉल त्या कोपऱ्यात गेला की तिघे मिळून दाबायचं. तोच पास मधून तिरका आला, म्हणजे सेंटर मिडफिल्डरकडून किंवा सेंटरबॅककडून, तर विंगर पाठ टचलाइनकडे करून उभा राहू शकतो, त्याला बॉलही दिसतो, डिफेंडरही दिसतो आणि गोलही. मग फर्स्ट टच समोरच्या गोलकडच्या पायाने, म्हणजे उजव्या विंगरने उजव्या पायाने, बॉल थांबवायचा नाही, अंगावरून पुढे जाऊ द्यायचा.

तो पहिला पोरगा, सातपूरचा आहे, त्याला मी बुधवारी संध्याकाळी एकट्याला बोलावलं, सोबत फक्त एक मिडफिल्डर. बोलता बोलता तो म्हणाला, "दादा, मागे डिफेंडर किती लांब आहे तेच मला कळत नाही, बॉल आला की तोही आलेला असतो." मी लाइनजवळ फक्कीने त्याच्या दोन्ही बुटांच्या खुणा काढल्या, तिरक्या, अर्ध्या गोलकडे वळलेल्या. म्हटलं बॉल निघायच्या आधी पाय या खुणांवर पाहिजेत आणि मान एकदा मागे वळलेली पाहिजे. पहिले दहा-बारा पास तो उभा राहायचा बरोबर पण बॉल जवळ आला की परत पाय सरळ करायचा, खुणा पुसून जायच्या, मी परत मारायचो. मग कधीतरी एकदा बॉल उजव्या पायाच्या आतल्या बाजूला लागून तसाच पुढे निघून गेला आणि तो त्याच्या मागे दोन ढांगांत पळाला, तेव्हा तो स्वतःच थांबून म्हणाला, "हां, हे असंय होय." वीस मिनिटं लागली फक्त. वर्षभराचं ओरडणं वेगळं आणि ती वीस मिनिटं वेगळी.

मग वेग. पायाचा नाही, बॉलचा. डावीकडून खेळ उजवीकडे न्यायला आम्हाला चार पास लागायचे, लेफ्ट बॅक, सेंटरबॅक, दुसरा सेंटरबॅक, राइट बॅक, आणि प्रत्येक जण बॉल थांबवून, मान वर करून, मग देणार. धरून चला की ३० मीटरचा जमिनीवरचा पास तीन सेकंदांत पोचतो, तेवढ्यात नुस्ता जॉगिंग करणारा डिफेंडरही दहा मीटर सरकतो. चार पास आणि मधले थांबे मिळून आठ-दहा सेकंद झाले तर ते लोक चहा पिऊन सुद्धा जागेवर येतील. म्हणून बदल हा केला की मधल्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये दोन टचच्या वर परवानगी नाही आणि एक माणूस गाळायचा, म्हणजे सेंटरबॅकने शेजारच्या सेंटरबॅकला न देता थेट पलीकडच्या मिडफिल्डरला द्यायचा. आणि पलीकडच्या विंगरने ओरडायचं, "पलीकडे!" तो मोकळा आहे हे बाकीच्यांना दिसत नसतं, त्यालाच दिसतं, पण आपली पोरं बॉल मागायला लाजतात.

२०२४ च्या युरो फायनलला आम्ही सात-आठ जण एकाच्या हॉलमध्ये जमलो होतो, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली ती मॅच. स्पेनचा पहिला गोल आठवा, सेकंड हाफ सुरू होऊन दोन मिनिटं, यामाल उजवीकडून बॉल घेऊन आत आला, इंग्लंडची मागची लाइन त्याच्याकडे ओढली गेली आणि त्याने बॉल सरळ डावीकडे सोडला, तिथे निको विल्यम्स मोकळा. आदल्याच दिवशी सतरा पूर्ण झालेलं पोरगं. यात ड्रिबलिंगची कमाल आहेच, पण मी पोरांना तेव्हा विल्यम्सकडे बघायला सांगितलं, बॉल उजवीकडे असताना तो मोह होऊन मधे घुसला नव्हता, आपल्या बाजूला थांबला होता. दुसरा गोलही कडेवरूनच. ओयार्सावालने बॉल कुकुरेयाला कडेला दिला आणि स्वतः पळत राहिला, कुकुरेयाने पहिल्या टचला खालून आत टाकला आणि ओयार्सावाल तिथे पोचलेला. कुकुरेया लेफ्ट बॅक आहे हे लक्षात घ्या.

म्हणजे फुलबॅकवर येऊ. विंगर लाइनवर आणि फुलबॅकही त्याच लाइनवर त्याच्या मागे उभा असेल तर एकच डिफेंडर दोघांना सांभाळतो. म्हणून वरती म्हटलं, पट्ट्यात एकच. विंगर बाहेर तर फुलबॅक आत, विंगर आत वळला तर फुलबॅकने बाहेरून सुसाट ओव्हरलॅप मारायचा, म्हणजे त्याच्या बाहेरून पुढे पळायचं. लिव्हरपूलच्या अलेक्झांडर-आर्नोल्डने राइट बॅक असून २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये १२ आणि पुढच्या सीझनला १३ असिस्ट (गोल होण्याआधीचा शेवटचा पास) दिले. पण एक काळजी घ्या, दोन्ही फुलबॅक एकाच वेळी वर जाऊ देऊ नका, निदान आपल्या लेव्हलला तरी नाही. एक गेला की दुसऱ्याने सेंटरबॅकच्या शेजारी येऊन थांबायचं, सुरुवातीला सांगितलेला तो काउंटर बहुतेक तिथूनच येतो.

काही टीम विचारतात विंगर नसले तर चालत नाही का. चालतं. १९६६ चा वर्ल्ड कप इंग्लंडने अल्फ रॅमसीच्या हाताखाली नेहमीच्या विंगरशिवायच जिंकला. पण मग ती रुंदी फुलबॅकला नाहीतर मिडफिल्डरला द्यावी लागते, पळायचे फुफ्फुस पाहिजेत तेवढे. मला स्वतःला कडेवर माणूस असलेली टीम बघायला आवडते. आपल्या देशाच्या १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्सच्या गोल्डमध्ये फायनलला साउथ कोरियाला २-१ हरवताना गोल करणाऱ्यांत पी. के. बॅनर्जी होते, राइट विंगर.

आता बॉक्स. हे तपासायचं राहून जातं. विंगरने सगळं बरोबर केलं, डिफेंडरला मागे टाकलं, गोललाइनपर्यंत गेला, मान वर केली आणि बॉक्समध्ये कोण, तर आपला एकटा स्ट्रायकर दोन सेंटरबॅकच्या मधे. बाकी सगळे बॉक्सच्या बाहेर उभे राहून बघतायत. मग तो उंच बॉल टाकतो, कीपर अलगद घेतो आणि परत विंगरलाच शिव्या. आमच्या पोरांना हवेतले बॉल हेडने जिंकता येत नाहीत हे मला माहितीये, उंची नाही आणि तशी प्रॅक्टिसही नाही, तरी आम्ही प्रत्येक वेळी उंचच टाकत होतो.

आता ठरलंय असं. विंगर गोललाइनजवळ पोचला की स्ट्रायकर निअर पोस्टला (जवळच्या खांबाला) जोरात पळणार, सेंटरबॅकला घेऊन. पलीकडचा विंगर फार पोस्टला (लांबच्या खांबाला), हे त्याचं सक्तीचं काम, कारण क्रॉस लांब गेला तर तिथे फक्त तोच असतो. आणि एक मिडफिल्डर पेनल्टी स्पॉटच्या आसपास, उशिरा येणार, आधी जाऊन उभा राहणार नाही. विंगरने बॉल खालून मागे काढायचा, कटबॅक. यात दोन फायदे, डिफेंडर स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात त्यामुळे मागे येणारा बॉल त्यांना नीट मारता येत नाही, आणि दुसरं, जो बॉलच्या मागे आहे तो ऑफसाइड असूच शकत नाही, त्यामुळे ती कटकटच नाही. आमच्या खडबडीत मैदानावर सुद्धा खालचा बॉल उंच क्रॉसपेक्षा जास्त वेळा कामी येतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कुवेतमध्ये आपण वर्ल्ड कप क्वालिफायर १-० जिंकलो तो गोल परत बघा, छांगतेने डावीकडून आत टाकला आणि मनवीर सिंग वेळेवर पोचला होता. वेळेवर, हेच सगळं आहे त्यात.

उलट्या पायाचा विंगर ठेवायचा का, हे पण बरेच जण विचारतात, म्हणजे डाव्या पायाचा पोरगा उजवीकडे. नेदरलँड्सचा विंगर रॉबेन वर्षानुवर्षं तेच करत आला, उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने मारायचं, सगळ्यांना माहीत असून थांबवता येत नव्हतं. छांगतेही डाव्या पायाचा असून मुंबई सिटीसाठी उजवीकडे खेळलाय. ठेवा जरूर, पण तुमचा फुलबॅक बाहेरून पळणारा असेल तरच. नाहीतर विंगर आत, फुलबॅक मागे, कडेला कोणीच नाही, आणि सगळी गर्दी परत मधे.

गेल्या महिन्यात देवळालीच्या एका टीमशी खेळलो तेव्हा पहिल्यांदा सगळं एका वेळी जुळलं. बॉल डावीकडे अडकला होता, सेंटरबॅकने एक माणूस गाळून थेट मिडफिल्डरला दिला, पलीकडून सातपूरवाला ओरडला, तिरका पास आला, पाय खुणांवर असावेत तसे वळलेले, टच पुढे, डिफेंडर अजून तीन पावलं लांब. गोललाइनपर्यंत गेला, खालून मागे काढला, मिडफिल्डर पळत आला आणि त्याने साइडफूटने आत ढकलला. गोल मारणाऱ्याकडे कोणी गेलंच नाही, सगळी पोरं कोपऱ्याकडे, सातपूरवाल्याच्या अंगावर.

डावी बाजू मात्र अजून सुटलेली नाही. डाव्या पायाचा फुलबॅक नोकरीसाठी पुण्याला गेला, आत्ताचा उजव्या पायाचा आहे, ओव्हरलॅप मारतो पण बॉल उजव्या पायावर घ्यायला थांबतो आणि तेवढ्यात डिफेंडर येतो. या रविवारी त्याला आत मिडफिल्डजवळ ठेवून विंगरला सतत बाहेर ठेवून बघणार आहे, फक्कीची अजून एक गोणी आणून ठेवलीये. कोणी डाव्या बाजूला उजव्या पायाचा फुलबॅक खेळवून हे जमवलं असेल तर त्याला नेमका कुठे उभा करता ते सांगा.